फुलाच्या चेंडूसमोर गप्प बसण्याची गोष्ट

पोंगलच्या उसाची चोयटी अजून मागच्या अंगणात पडलेली असतात, तोच आमच्या घरात प्रश्न सुरू होतो. मैदान वाळलं का?

कुंभकोणमात या दिवसांत बाकीची घरं लग्नाचे मुहूर्त बघतात, आम्ही माती बघतो. अरसलार नदीच्या बाजूला आमच्या गल्लीच्या संघाचं मैदान आहे. ऐन पावसाच्या महिन्यांत त्यात बेडूक राहतात आणि उरलेल्या महिन्यांत आम्ही. खेळ म्हणजे बॉल-बॅडमिंटन. तमिळमध्ये त्याला पूप्पंदु म्हणतात, फुलाचा चेंडू. पाच जणी इकडं, पाच जणी तिकडं, मध्ये जाळं, हातात रॅकेट आणि मोठ्या लिंबाएवढा पिवळ्या लोकरीचा चेंडू. तो जमिनीला लागला की गुण समोरच्याचा. चेंडू इतका हलका, की वारा जरा वाकडा वाहिला तर तोही वाकडा जातो. म्हणून हा खेळ छपराखाली नव्हे तर उघड्यावर, पण वारा झोपल्यावर खेळायचा. तंजावरच्या राजवाड्याच्या आवारात तो सुरू झाला असं आमची मंडळी छाती काढून सांगतात. खरं-खोटं राजवाड्याला माहीत. पण आमच्या मराठी पूर्वजांनी दक्षिणेत येऊन एवढा एक तरी बिनरक्ताचा उद्योग केला असेल, तर मला आनंद आहे.

हंगामातले पहिले एक-दोन सामने बाहेरगावी होतात, आडुतुरैला, पापनाशमला. त्यांची मैदानं उंचावर आहेत, लवकर वाळतात. ते सामने मी धरत नाही. माझा हंगाम सुरू होतो तो आमच्या मातीवर रेषांचा पहिला चुना पडतो तेव्हा. करंजाच्या झाडाखाली माझी खुर्ची ठेवली, समोर जाळं ताणलं, नव्या चेंडूच्या लोकरीचा वास आला, की मग नवं वर्ष लागलं. पंचांग काही का म्हणेना.

यंदा त्यात भर पडली. माझी नात कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन वर्षं ती बाहेर बसून पाण्याच्या बाटल्या भरत होती. यंदा ती पाचांत आली. मागच्या डाव्या बाजूला, जिथं तिचे आजोबा, म्हणजे आमचे हे, एके काळी उभे राहायचे तिथं. पहिला घरचा सामना रविवारी, तंजावरच्या संघाशी.

सोमवारी संध्याकाळी ती सरावाहून आली, पितळेच्या डबऱ्यातली कापी, म्हणजे कॉफी, फुंकत माझ्यापुढं बसली.

"आजी, रविवारी तंजावरच्या मुली येतायत."

"ठाऊक आहे."

"मी पाचांत आहे."

"तेही ठाऊक आहे. तुझ्या आजोबांनी सकाळपासून तीनदा चष्मा पुसला."

"तू यायचंस. तुझ्याशिवाय मला बरं वाटणार नाही." एवढं गोड बोलली तेव्हाच मला कळलं, पुढं कडू आहे. "पण एक शब्द बोलायचा नाही. मराठीत नाही, तमिळमध्ये नाही, स्वतःशीसुद्धा नाही. एक शब्द ऐकू आला, तर हा अख्खा हंगाम तू घरी."

"आणि शिंक आली तर?"

"शिंक चालेल. शिंकेत सल्ला नको."

मी यांच्याकडं बघितलं. हे पेपरामागं होते. पेपर हलत होता. माणूस हसताना पेपर हलतो हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही यांना कळलेलं नाही.

"सरि," मी म्हणाले. म्हणजे, बरं. दुसरं काय म्हणणार? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे गल्लीला माहीत आहे. पण हंगामभर घरी बसून लांबून टाळ्या ऐकायच्या, त्यापेक्षा गप्प बसणं बरं. निदान त्या सोमवारी तरी मला तसं वाटलं.

पोरीनं ही अट का घातली, ते सांगायला मला त्या दुसऱ्या बाईकडं जावं लागेल. ती बाई म्हणजे मीच, नुकतं लग्न झालेली. आज ती भेटली तर मी तिला आधी पाणी देईन आणि मग एक टपली.

ती सेलमची. वडिलांची नोकरी तिथं. आसपास दुसरं मराठी घर नाही. त्यामुळं मराठी ही आमच्या घराची कडी होती, आतून लावायची. बाजारात आई भाजीवाल्यासमोर खुशाल म्हणायची, "याच्या वांग्यांत किडे आहेत, पुढं चला," आणि तोंडावर हसू ठेवून तमिळमध्ये त्याच्या मुलाबाळांची चौकशी करायची. बसमध्ये, देवळात, लग्नाच्या पंगतीत, आम्ही लोकांच्या नाकासमोर त्यांच्याबद्दल बोलायचो आणि कोणाला काही कळायचं नाही. त्या मुलीची खात्रीच झाली, की मराठी ही फक्त आपल्याला ऐकू येते.

अशी मुलगी लग्न होऊन कुंभकोणमात आली. वेण्या जाऊन अंबाडा आला होता, अक्कल यायची बाकी होती. सासरी आल्यावर तिला दोन गोष्टी कळल्या. एक, नवरा बोलत नाही. दोन, नवरा पूप्पंदु खेळतो. पोंगल झाल्यावर पहिला घरचा सामना आला. ही गडद जांभळं रेशमी नेसून, मोगऱ्याचा केवढा तरी गजरा माळून करंजाखाली बायकांत पुढं जाऊन बसली. जणू काही ती नाणं उडवणार होती.

समोर तंजावरचा संघ. हिनं दोन मिनिटांत सगळ्यांना तोलून घेतलं. डोळे चांगले होते, ते मान्य करते. मागचा जाडा वाकत नाही. मधला डावखुरा दमतो. आणि पुढं एक लांब नाकाचा, तो चेंडू आला की आधी नाकानं वास घेतल्यासारखा थांबतो आणि मग मारतो. नवऱ्याला हे सांगायलाच हवं. तमिळमध्ये सांगितलं तर सगळ्यांना कळेल. आणि मग हिला आपल्या हुशारीचा झटका आला.

"अहो! त्या लांब नाकाच्या डोक्यावरून टाका! त्याला मागं पळता येत नाही!"

मैदान शांत होतं. आवाज सेलमचा होता, भाजीबाजारात कमावलेला. बायकांनी माना वळवल्या. हे मागच्या डाव्या कोपऱ्यात उभे होते. यांचे कान लाल झालेले मला तिथून दिसले. मला वाटलं, कौतुकानं.

यांनी टाकला नाही. पण आमच्यातल्या दुसऱ्या एकानं योगायोगानं चेंडू तसाच उंच टाकला. लांब नाक आधीच मागं सरकून उभं होतं. ठोकला त्यानं.

"अहो, आता जाड्याच्या पायाशी! वाकत नाही तो, पोट आडवं येतं!"

जाडा कमरेत वाकून तयार.

असं पूर्ण दोन गेम चाललं. ही सांगणार डावीकडं, ते डावीकडं हजर. ही सांगणार जाळ्याजवळ, लांब नाक जाळ्याजवळ नाक टेकून उभं. आणि ही गाढवी शेजारच्या बाईला तमिळमध्ये काय म्हणते? "काय ओळखतो हो हा माणूस! मनातलं ओळखतो!"

आम्ही दोन्ही गेम हरलो.

आमच्याकडं रीत अशी, की पाहुण्या संघाचं सामन्यानंतरचं खाणं यजमानांपैकी एका घरी होतं. घरं आळीपाळीनं ठरतात. त्या दिवशी पाळी आमची होती. तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, पानं मांडली. मी इडली वाढली आणि चटणीऐवजी आमच्या घरचं डांगर, भाजलेल्या उडदाच्या पिठाचं, दह्यातलं, वर मोहरी-हिंगाची फोडणी. लांब नाक पहिल्याच पानावर. मी खाली मान घालून वाढत होते. अशी की जणू तोंडात जीभच नाही.

त्यानं एक घास खाल्ला आणि स्वच्छ, आमच्या आजीच्या तोंडी शोभेल अशा मराठीत म्हणाला, "वहिनी, डांगर फार चांगलं झालंय. या लांब नाकाला अजून थोडं वाढा."

माझ्या हातातला डाव पडला नाही, एवढीच त्या दिवसाची कमाई.

पलीकडून जाडा म्हणाला, "मलाही. वाकता येत नाही, जरा पानाजवळ आणा."

पाचही जण मराठी होते. पाचही! तंजावरच्या एकाच गल्लीतले, एकमेकांचे चुलत-मावस. लांब नाक तर माझ्या सासूबाईंच्या माहेरच्या नात्यातलं निघालं. तंजावर इथून तासाभराच्या वाटेवर, आणि तिथं आपल्यासारखी घरं गल्ल्या-गल्ल्यांनी आहेत हे त्या सेलमच्या शहाणीला कोणी सांगितलं नव्हतं. कारण तिनं कोणाला विचारलं नव्हतं. विचारायला आधी गप्प बसावं लागतं.

रात्री मी रडायच्या बेतात होते. हे पहिल्यांदा आपण होऊन माझ्याशी बोलले.

"अगो, एक विचारू? त्या जाड्याला खरंच वाकता येत नाही?"

"नाही येत," मी नाक ओढत म्हणाले. "तुम्ही जरा उशिरा टाकला असता तर पडला असता."

"हं," हे म्हणाले. "पुढच्या वेळी घरीच सांग. आधी."

त्यानंतर सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मी घरी सांगत आले आणि हे ऐकत आले. तरी मैदानावर जीभ सुटायची ती सुटायचीच. तमिळमध्ये सुटायची, कधी दोन्हींत सुटायची. सून लग्न होऊन आली तेव्हा तिला घर दाखवायच्या आधी कोणीतरी ही डांगराची गोष्ट सांगितली. नातीनं ती पाळण्यात ऐकली. म्हणून ही अट.

तर सोमवार गेला. मंगळवारी मी गप्प बसण्याचा सराव केला. दुपारी भांडी घासायला येणाऱ्या बाईशी बोलले नाही, तर तिनं सुनेला जाऊन विचारलं, "पाट्टीला बरं नाही का? डॉक्टरांना बोलवायचं का?" पाट्टी म्हणजे आजी, ती मीच. सराव थांबवला.

बुधवारी हे मैदानावर गेले. आता यांना मैदानाचा रूळ ओढवत नाही, पण ते खुर्ची टाकून बसतात आणि मुलांकडून माती दाबून घेतात. अंगठ्यानं माती दाबून बघायची, ठसा उठला तर ओली, भुगा झाला तर कोरडी, नुसता अंगठा गार लागला तर उत्तम. संध्याकाळी घरी आले ते अंगठा पुढं धरूनच. "गार," म्हणाले. यांच्या हिशेबानं हे भाषण झालं.

आणि गुरुवारी पहाटे पाऊस आला. या दिवसांत येत नाही. आला. कौलांवर आवाज झाला, मी उठून बसले, आणि शेजारी हेही उठून बसले होते.  नात आतल्या खोलीतून आली, दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, सामना तंजावरला हलवतील?"

रीतच तशी आहे. शनिवारी दुपारपर्यंत मैदान तयार नाही असं कळवलं, तर सामना पाहुण्यांच्या गावी होतो. तंजावरला मला कोणी नेणार नव्हतं. गुडघ्यांनी बसच्या पायऱ्यांशी कधीच काडीमोड घेतलाय. एवढे दिवस मी वाट बघत होते ती गप्प बसण्याची, आणि आता गप्प बसायलाही मिळणार नव्हतं.

"तूस आणू," हे म्हणाले.

सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या बाजूला भातगिरणी आहे. तिथून पोत्यांनी भाताचं तूस आलं. ओल्या मैदानावर ते पसरायचं, रात्रभर ठेवायचं, ते पाणी पितं. दुसऱ्या दिवशी लोटून काढायचं, परत कोरडं पसरायचं. मी शुक्रवारी रिक्षा करून बघायला गेले. तपकिरी मैदान सोनेरी झालं होतं. माझी नात आणि तिच्या मैत्रिणी खराटे घेऊन रांगेत पुढं सरकत होत्या, केसांत तूस, भुवयांत तूस. यांनी खुर्चीतून काठीनं एकेक कोपरा दाखवला. जाळ्याखालची पट्टी सगळ्यांत उशिरा वाळते, असं यांचं म्हणणं. मला त्यावर मत होतं. करंजाखालचा कोपरा जास्त उशिरा वाळतो, सावली असते. पण मी म्हटलं, रविवारचा सराव समज, आणि ओठ मिटले. हे माझ्याकडं बघत होते. मग त्यांनी काठी हळूच करंजाकडं वळवली. "तिथंही," म्हणाले.

शनिवारी अंगठा गार लागला. दुपारी तंजावरला फोन गेला: या.

शनिवारी संध्याकाळी चुना पडला. मी गेले नाही. ते दृश्य मी रविवारसाठी राखून ठेवते. आधी बघितलं तर लाडू चोरून खाल्ल्यासारखं होतं. मी घरी उडीद भाजले. खाण्याची पाळी आमची नव्हती, मी मागून घेतली होती. सून म्हणाली, "अत्या, तंजावरच्या मुली आहेत म्हणून मुद्दाम डांगर करताय?" आमच्याकडं सासूला अत्या म्हणतात. मी म्हटलं, "दुसरं मला येतं काय?" ती आणि मी दोघीही हसलो. कारण मला बरंच येतं.

पण गप्प बसायचं कसं, हा प्रश्न राहिलाच होता. तो रविवारी दुपारी सुटला. जेवणानंतर मी पानाचा डबा उघडला. आमच्या गावची विड्याची पानं कोवळी, कागदासारखी पातळ; एक खाऊन काही होत नाही. मी तीन पानं घेतली, सुपारी भरपूर, चुना बेताचा. एवढा विडा तोंडात असला की माणूस शब्द काढूच शकत नाही. काढला तर पदर लाल. आणि मी फिकट पिस्त्याचं नवीन लुगडं नेसले. मुद्दाम. हौसेनं घेतलेल्या लुगड्यावर मी पिंक उडू देणार नाही, एवढी स्वतःची ओळख मला आहे.

चारच्या सुमाराला देवळाच्या गोपुरावरचा झेंडा फडफडत होता. साडेचारला तो लुळा पडला. वारा झोपला.

करंजाखाली खुर्ची होती. समोर ओल्या मातीचा, चुन्याचा, लोकरीचा वास. मला क्षणभर काही बोलायचंच नव्हतं. हे सांगितलं तर घरात कोणी विश्वास ठेवणार नाही.

तंजावरच्या मुली आल्या. त्यांतली एक पुढं आली आणि वाकून माझ्या पाया पडली. मी तिची मान वर केली आणि विडा घशात जाता जाता राहिला.

तेच नाक.

"आजी, मी त्यांची नात," ती मराठीत म्हणाली. "आजोबांनी सांगितलंय, कुंभकोणमात करंजाच्या बाजूनं खेळ. तिथं एक आजी बसतात. त्या सगळं सांगतात."

मी डोळ्यांनी आशीर्वाद दिला. तोंड भरलेलं होतं.

माझी नात लांबून बघत होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं. मी गाल फुगवून दाखवले.

सामना सुरू झाला. मी काय सांगू? पहिला गेम गेला. माझी नात घाबरली होती, चेंडू रॅकेटच्या कडेला लागत होता. तंजावरची मधली मुलगी डाव्या बाजूला कच्ची आहे हे मला दिसलं, अगदी स्पष्ट दिसलं, आणि मी चावत राहिले. यांनी शेजारून माझ्या मनगटावर हात ठेवला. धीर द्यायला की धरून ठेवायला, मी विचारलं नाही. विचारता येत नव्हतं.

दुसऱ्या गेमला पोरगी स्थिरावली. मागच्या कोपऱ्यातून ती उशिरा मारायला लागली. चेंडू खाली येऊ द्यायचा, अजून येऊ द्यायचा, आणि मग उचलायचा. यांचीच सवय. माझ्याशेजारी यांचा पाय तालावर हलत होता. दुसरा गेम आमचा.

तिसऱ्यात दोन्ही संघ बरोबरीनं चढत गेले. शेवटाला आले तेव्हा गुण सारखे होते. आणि तेव्हा माझ्या ध्यानात एक गंमत आली. लांब नाकाची पुढं, माझ्या अगदी समोर, जाळ्याजवळ खेळत होती. दर वेळी आमची सर्व्हिस व्हायच्या आधी ती पटकन माझ्याकडं बघायची. मी चावले की तिचे कान टवकारायचे. मी चावायचं थांबवलं की तिची मान सैल पडायची. पोर बिचारी आजोबांच्या भरवशावर आली होती. म्हातारी कधी बोलेल आणि आयतं कळेल, याची ती सगळा सामना वाट बघत होती.

शपथ घेऊन सांगते, मी ठरवून काही केलं नाही. चेंडू बराच वेळ इकडून तिकडं चालला होता, पडतच नव्हता. सगळं मैदान श्वास धरून. चेंडू माझ्या नातीकडं आला, ती तो खाली येऊ देत होती, अजून येऊ देत होती, आणि माझ्या सुपारीचा एक तुकडा दाढेत अडकला. मी खुर्चीत पुढं सरकले. मान उंच केली. तोंड उघडलं.

लांब नाकाचं डोकं माझ्याकडं वळलं. एवढंसंच. कान पुढं, डोळे मोठे. आता येणार!

आलं काहीच नाही. मी तोंड मिटलं. तेवढ्यात तिच्या डोक्यावरून, मंद, पिवळा, फुलाचा चेंडू मागं जाऊन पडला.

त्यानंतरचे गुण कसे आले ते मला नीट आठवत नाही. आम्ही जिंकलो. पोरींनी आरडाओरडा केला, हे उभे राहिले, परत बसले, चष्मा काढून पुसायला लागले. आणि माझी नात सगळ्यांना सोडून, रॅकेट हातात घेऊन सरळ माझ्याकडं आली.

"आजी, तू बोललीस."

मी मान हलवली. नाही.

"बोललीस. मी बघितलं, तुझं तोंड उघडलं होतं. ती वळली. एक शब्द म्हटलं होतं, आजी. एक."

मी लुगड्याकडं बोट दाखवलं. पिस्ता रंग, एक डाग नाही. पण ती ते कसं ओळखणार? तिनं यांच्याकडं बघितलं. हे चष्मा पुसत होते. माणूस चष्मा पुसताना काही बघू शकत नाही, ही यांची फार जुनी सोय आहे.

घरी येईपर्यंत पोरगी माझ्याशी बोलली नाही. माझा हंगाम पहिल्याच दिवशी संपला असं मी समजून चालले. तोंड धुतलं, पदर खोचला आणि तिण्णैवर इडली वाढायला घेतली. घामानं भिजलेल्या दहा मुली एका रांगेत बसल्या होत्या, एकमेकींच्या रॅकेटी बघत होत्या. लांब नाकाची पहिल्या पानावर. मी डांगर वाढलं. तिनं एक घास खाल्ला, डोळे मिटले.

"हेच ना ते?" ती म्हणाली.

"हेच," मी म्हणाले. दुपारपासूनचा माझा पहिला शब्द.

माझी नात पलीकडं बसली होती. तिला राहवलं नाही. "खरं सांग हं," तिनं विचारलं, "शेवटाला आजीनं तुला काय सांगितलं?"

"काय सांगितलं?" ती मुलगी इतकी दुखावली होती की घास हातात तसाच राहिला. "काहीच नाही! दुपारपासून एक शब्द नाही! मी कान देऊन बसले होते, आजोबांनी सांगितलं होतं म्हणून. शेवटी वाटलं, आता सांगतात, आता सांगतात... आणि परत मिटलं!" मग ती माझ्याकडं वळली. "आजी, आमच्या आजोबांच्या वेळी तुम्ही बऱ्या होतात."

सगळ्या मुली खळखळून हसल्या. ज्यांना मराठी कळत नव्हतं त्याही हसल्या, कारण दारात उभे राहून हे हसत होते, आणि या वेळी पुढं पेपर नव्हता.

तिनं तंजावरला फोन लावून माझ्या कानाला दिला. पलीकडून थकलेला पण तोच आवाज. "वहिनी, कोण जिंकलं?"

"आम्ही."

"नातीनं माझं ऐकलं नाही का? करंजाच्या बाजूनं खेळ म्हटलं होतं."

"तंतोतंत ऐकलं," मी म्हणाले.

मुली गेल्यावर नात भांडी उचलायला आली. पानं गोळा केली. मग म्हणाली, "बरं. शब्द नव्हता. अट मोडली नाही. हंगामभर ये."

"येणारच."

"पण पुढच्या घरच्या सामन्याला खुर्ची करंजाखाली नाही. पलीकडं, आमच्या मागच्या रेषेपाशी ठेवणार. इतक्या लांबून, जाळ्याआडून समोरच्या कोणाला तुझं तोंड नीट दिसणार नाही."

"सरि," मी म्हणाले.

त्या जागेचा मी मनात जरा विचार केला. ऊन डोळ्यांवर येईल, छत्री न्यावी लागेल. करंजाची सावली जाईल. पण नातीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यापासून ती जागा फार तर चार हातांवर आहे. तिथून पुटपुटलं तरी पुरेल.